फाइल भरली, हे मी सांगितलं नाही

गेल्या वर्षी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या वार्षिक अंकात माझा परिचय छापून आला. त्यात एक वाक्य आहे : "त्यांनी लिहिलेल्या मराठी लेखनाच्या प्रोग्राममध्ये आजवर एकही दोष आढळलेला नाही." परिचय लिहिणाऱ्यांना मजकूर हवा होता, तो मीच दिला होता. म्हणजे हे वाक्य माझं आहे. ते खोटं आहे. यंदाच्या अंकात मला थोडी जागा मिळाली आहे, तिच्यात ते दुरुस्त करतो. बाकीचा परिचय बरोबर आहे. फक्त फोटो जुना आहे.

मी सातपूरच्या एका कारखान्यात देखभाल विभागात होतो. बिघडलेली इलेक्ट्रॉनिक पॅनेल उघडायची, दुरुस्त करायची आणि पुन्हा बंद करायची हे माझं काम. काही पॅनेल नुसती उघडून बंद केली तरी चालू होत. त्याचंही श्रेय मला मिळालं आणि मी ते घेतलं.

नोकरीत असताना आम्हाला एका प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तिथे डब्याच्या झाकणाएवढा एक बोर्ड प्रत्येकाच्या पुढ्यात ठेवला. त्यावर थोडी बटणं आणि लाल आकडे. यंत्राला जे सांगायचं ते एकेक आकडा दाबून सांगायचं. हा आकडा म्हणजे 'उचल', हा म्हणजे 'ठेव', हा म्हणजे 'तिथे परत जा'. एक आकडा चुकला तर यंत्र गप्प बसे. ते रागावत नसे आणि समजावतही नसे. बाकीचे लोक दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीची वाट बघू लागले. मला मात्र तो प्रकार आवडला. यंत्राच्या इतक्या जवळ जाऊन बोलता येतं, मध्ये दुभाषा लागत नाही, हे मला माणसांच्या बाबतीत कधी जमलं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर लोक गंगापूर रोडला सकाळचे फिरायला लागले. मी भंगारात निघालेले संगणक घरी आणायला लागलो. आमच्या घरात त्याबद्दल नियम आहे : एक आत आला की एक बाहेर गेला पाहिजे. नियम बायकोचा. या जुन्या यंत्रांवर आजची नवी सॉफ्टवेअर चालत नाहीत, पण जगात काही लोक अशाच यंत्रांसाठी हलकी सॉफ्टवेअर लिहितात आणि फुकट वाटतात. त्यांचं आतलं सगळं लिखाणही उघडं असतं. कुणीही वाचावं, बदलावं, पुढे द्यावं. संगणक चालवणारी अख्खी व्यवस्था आमच्या भाच्याच्या लग्नाच्या व्हिडिओतल्या नुसत्या हळदीपेक्षा लहान असते. मी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, हळद चांगली झाली होती.

या मंडळींची इंटरनेटवर एक जागा आहे. तिथे कोण किती लहान लिहितो याला मान असतो. कुणी चिमूटभर जागेत घड्याळ बसवतो, कुणी बुद्धिबळ. मी तिथे एक एडिटर ठेवला. म्हणजे मजकूर लिहायचा, पुसायचा आणि सेव्ह करायचा साधा प्रोग्राम. तो यंत्राच्या जवळच्या भाषेत, एकेक सूचना निवडून लिहिलेला होता. त्याचं वैशिष्ट्य असं की त्यात मराठी लिहिता येई, तो बोलेही मराठीत, आणि सगळा मिळून चार किलोबाइटच्या आत होता. बाइट म्हणजे संगणकाच्या आतलं जागेचं सगळ्यात लहान माप, एका इंग्रजी अक्षराएवढं. चार किलोबाइट म्हणजे चार हजार शहाण्णव बाइट. त्याच्या आत बसलं की त्या लोकांच्या चार किलोबाइटच्या यादीत जागा मिळते. एक बाइट जास्त झाला की तो नुसता आणखी एक छोटा प्रोग्राम.

एका परदेशी माणसाने माझ्या एडिटरखाली एक शब्द लिहिला. त्याचा अर्थ 'सुबक' असा होतो. मी तो बायकोला दाखवला.

"एवढंच?" ती म्हणाली.

"ते लोक जास्त बोलत नाहीत."

"मग तुमचं जमेल त्यांच्याशी."

आता खोटेपणाकडे येतो. एडिटर पहिल्यांदा पूर्ण झाला तेव्हा तो चार किलोबाइटच्या आत नव्हता. थोडासा बाहेर होता. मी तांदूळ निवडावेत तसा तो निवडत बसलो. इथली एक सूचना काढ, तिथल्या दोन जोडून एक कर. तरी बसेना. मग माझी नजर संदेशांवर गेली. देवनागरीतली प्रत्येक खूण संगणकात तीन बाइट खाते. काना वेगळा, वेलांटी वेगळी. सगळ्यात महाग संदेश होता 'फाइल भरली'. मधल्या मोकळ्या जागेसकट पंचवीस बाइट. इंग्रजीत चारमध्ये काम झालं असतं, पण एडिटर मराठीत बोलतो हाच तर माझा तोरा होता.

हा संदेश कशासाठी होता ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. फाइल किती लांब आहे हे मोजायचा आकडा मी लहान ठेवला होता. जुन्या यंत्रासाठी लिहिलेला तो भाग मी तसाच उचलून आणला होता. तो आकडा साधारण पासष्ट हजार बाइटपर्यंत जाई आणि मग स्कूटरच्या किलोमीटरच्या आकड्यासारखा पुन्हा शून्यावर येई. पडदा त्याच्यावर अवलंबून नव्हता, त्यामुळे पडद्यावर सगळं ठीक दिसे. पण सेव्ह करताना एडिटर त्याच आकड्याला विचारी, किती लिहू? आकडा नुकताच शून्यावरून पुढे निघालेला असला तर म्हणे, थोडंसं. मग एडिटर सुरुवातीचं थोडंसं लिही आणि बाकीचं टाकून देई. असं होऊ नये म्हणून आधी तपासायचं आणि 'फाइल भरली' असं सांगून थांबायचं, अशी सोय होती. मी संदेश काढला. संदेश नाही तर तपासणी तरी कशाला, म्हणून तीही काढली. एडिटर चार किलोबाइटच्या आत बसला.

पासष्ट हजार अक्षरं एका फाइलीत कोण लिहिणार, असा मी विचार केला. तो करताना मी अक्षरं इंग्रजीत मोजत होतो. मराठी लिहिणाऱ्याची फाइल तिप्पट वेगाने भरणार, हे ज्या माणसाने आत्ताच मराठी संदेश महाग पडतो म्हणून काढून टाकला त्याच्या लक्षात आलं नाही, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. लक्षात आलं होतं. मी म्हटलं, बघू.

माझा एक मित्र त्याच कारखान्यात स्टोअरला होता. मूळचा देवळ्याकडचा. आमच्याशी आमच्यासारखं बोले आणि गावाकडचा फोन आला की अहिराणीत शिरे. मग 'आहे'चं 'शे' होई आणि आवाजही अर्ध्या पट्टीने वर जाई. बायको गेल्यावर तो इंदिरानगरला मुला-सुनेकडे राहायला आला. तिथे बसून आपल्या आईच्या तोंडचे अहिराणी शब्द लिहून काढायचं त्याने मनावर घेतलं. लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिही. पत्रिका संपल्या की पुढच्या लग्नसराईपर्यंत थांबे. ते बघून मी त्याला एक जुना संगणक नेऊन दिला आणि त्यात माझा एडिटर टाकला.

तो मला इंजिनिअर म्हणतो. मी इंजिनिअर नाही.

"इंजिनिअर, यात चित्रं-बित्रं काही दिसत नाहीत."

"नाहीत."

"आवाज?"

"नाही."

"मग हा दिवसभर करतो काय?"

"तू लिहिशील ते ठेवतो."

"हं. स्टोअरचाच माणूस शे हा."

तीन-चार दिवसांत तो शिकला. पत्रिकांवरचे शब्द त्याने एकदा आत टाकले आणि पत्रिका रद्दीत दिल्या, कारण मी सांगितलं होतं की आता त्यांची गरज नाही. काळजी म्हणून मी एक पेनड्राइव्ह लावून ठेवला होता. संगणक सुरू झाला की फाइलीची एक प्रत आपोआप त्यावर जाई. एका ओळीची आज्ञा होती. तीही मला सुबक वाटली होती.

वर्षभराहून जास्त तो लिहीत होता. देवळ्याला मावशीला फोन करी, एक शब्द विचारी, दोन मिळत. शब्द, अर्थ आणि आई तो कुणाला उद्देशून वापरायची ते. हा शेवटचा भाग मोठा असे. चारशेच्या आसपास शब्द झाले होते. प्रत्येक बैठकीच्या शेवटी तो मोठ्याने "सेव्ह केलं" म्हणे, शाखेत हजेरी दिल्यासारखं, आणि फिरायला जाई.

एका सुट्टीच्या दुपारी तो असाच "सेव्ह केलं" म्हणून, एडिटर मिटून आणि संगणक चालू ठेवून गेला. त्याची सून एका पतसंस्थेत नोकरीला आहे. सुट्टीत आठवड्याची इस्त्री करते. त्या खोलीत चालणारा प्लग एकच होता आणि त्यावर संगणकाचा एक्स्टेन्शन बोर्ड होता. तिने बटण बंद केलं, इस्त्री लावली, कपडे झाले, बोर्ड परत लावला. संध्याकाळी त्याने संगणक सुरू केला आणि मला फोन केला.

"इंजिनिअर, ये जरा. बठ्ठं गयं. सगळं गेलं."

मी गेलो. पडद्यावर दोन ओळी होत्या. पहिली : आंडोर, मुलगा, आई मला म्हणायची. दुसरी : आंडेर, आणि पुढे 'मु' आणि एक काळा चौकोन, कारण पुढचं अक्षर मध्येच कापलं गेलं होतं. मी फाइलीचा आकार बघितला आणि मला कळलं. पॅनेल उघडायच्याही आधी कळावं तसं. पासष्ट हजारांची वेस त्याने त्या दुपारी ओलांडली होती, थोडीशीच. जितका पुढे गेला तितकंच मागचं उरलं. पेनड्राइव्ह बघितला. संगणक सुरू होताना माझ्या त्या एका ओळीने या दोन ओळींची प्रत इमानेइतबारे तिथल्या चारशे शब्दांवर ठेवली होती.

"काय झालं असेल?" मित्राने विचारलं.

मी म्हटलं, "लिहिणं चालू असताना वीज गेली की असं होतं."

हे वाक्य खरं आहे. तसं होतं. इथे झालं नव्हतं एवढंच.

सून दारात उभी होती. "काका, इस्त्रीसाठी मी बटण बंद केलं होतं. पण नाना तेव्हा सेव्ह करून गेले होते."

"गेलोच होतो," मित्र म्हणाला. "मग?"

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "सेव्ह केल्यावरही कधी कधी आत थोडा वेळ काम चालू राहतं."

हेही खरं आहे. दोन खरी वाक्यं जोडून मी एक खोटं तयार केलं. जागाही कमी लागली.

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"माहीत नसतं म्हणून विचारायचं असतं, बाई," मित्र म्हणाला. त्याने आवाज चढवला नाही. मी शिकवली होती त्या क्रमाने त्याने संगणक बंद केला, वरून टॉवेल टाकला आणि जाऊन गॅलरीत बसला.

मी घरी आलो आणि एडिटर दुरुस्त केला. आकडा मोठा केला, तपासणी परत घातली, 'फाइल भरली' परत घातलं. मग चार किलोबाइटच्या आत राहावं म्हणून मदतीचं पान काढून टाकलं. मित्राचे शब्द गेल्याचं कळून तीन तास झाले नव्हते आणि मी बाइट मोजत होतो. अशा उघड्या सॉफ्टवेअरमध्ये एक रिवाज आहे. प्रत्येक बदलासोबत तो का केला हे एका ओळीत लिहायचं. ती ओळ कायम राहते आणि कुणालाही वाचता येते. मी लिहिलं : "किरकोळ झाडलोट."

पुढच्या वेळी नवी आवृत्ती त्याच्या संगणकात टाकली.

"आता काय लिहायचंय त्यात?" तो म्हणाला.

मावशीला पुन्हा विचार म्हटलं, तर म्हणाला, "तिला वाटेल म्हातारा विसरला. एकदा सांगितलंय तिने सगळं."

त्या बटणावर त्याने लाल चिकटपट्टी लावली आणि वर कागद : 'विचारल्याशिवाय बंद करू नये.' त्या संगणकात आता राखण्यासारखं काही नव्हतं, पण बटणाची राखण सुरू झाली. इस्त्री पॅसेजमध्ये गेली. तिथे उभ्याने करावी लागते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट द्यावी लागते. घरात काहीही सापडेनासं झालं, चष्मा म्हणा, गॅसचं पुस्तक म्हणा, की मित्र म्हणे, "इस्त्री चालू होती का बघा." ते घरातलं विनोदाचं वाक्य झालं. मुलगाही म्हणायला लागला. पाहुणे आले की त्यांना त्यामागची गोष्ट सांगावी लागे, आणि सून चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी असे. ती हसे. माझा चहा बिनसाखरेचा असतो हे ती कधी विसरली नाही. सगळ्यांचे कप दिले की म्हणे, "काका, हा तुमचा." मी पंधरा दिवसांतून एकदा तिथे जात होतो. म्हणजे मी ते वाक्य पुष्कळ ऐकलं.

मग गेल्या वर्षी संघाने माझा सत्कार केला, संगणकसेवेबद्दल. गंगापूर रोडचा हॉल, शाल, नारळ. बोलायला मित्राला सांगितलं होतं. तो चांगला बोलला. कारखान्यातल्या दोन गमती सांगितल्या आणि मग म्हणाला, "या माणसाने मला चार किलोबाइटमध्ये माझी आई ठेवून दिली होती. यंत्राने काही गमावलं नाही. गमावलं ते आमच्या इस्त्रीने." आणि ती गोष्ट सांगितली. हॉल हसला. म्हातारी माणसं अशा गोष्टीला मोकळेपणाने हसतात, कारण प्रत्येकाच्या घरी एक सून आहे. त्याची सून तिसऱ्या-चौथ्या रांगेत होती. तिनेच त्याला स्कूटरवर आणलं होतं. तीही हसली असावी. इतक्या लांबून मला तिचा चेहरा नीट दिसला नाही.

नारळ हातात असताना माणसाला उठून बोलता येत नाही, असं नाही. मी बोललो नाही.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "शाल बरी आहे. तोंड का असं?"

मी तिला सगळं सांगितलं. ती शालीची घडी घालत ऐकत होती.

"किती वाचवलेत म्हणालात?"

"पंचवीस बाइट. आणि तपासणीचे थोडे."

"पंचवीस म्हणजे किती होतात?"

"काहीच नाही."

"मग वाचवले कशाला?"

मी नारळ स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. ती म्हणाली, "रविवारी जा. दुपारी जा, ती घरी असते."

मी रविवारी इंदिरानगरला गेलो. जाताना एडिटरची जुनी, सदोष आवृत्ती बरोबर घेतली. अशा सॉफ्टवेअरची कुठलीही जुनी आवृत्ती पुन्हा काढता येते. सोय म्हणून ती चांगली आहे. मित्र गॅलरीत होता. मी उभ्यानेच सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विश्वास ठेवला नाही.

"तुला सुनेची बाजू घ्यायची असेल तर सरळ घे," तो म्हणाला. "स्वतःवर कशाला ओढतोस? मी काय तिला फाशी देतोय?"

"बाजू घेत नाही. चूक माझी आहे."

"तुझ्या प्रोग्राममध्ये चूक नाही. अंकात छापलंय."

मी संगणकावरचा टॉवेल काढला. जुनी आवृत्ती टाकली. 'बठ्ठं' हा एकच शब्द पुन्हा पुन्हा भरून वेशीच्या अलीकडेपर्यंत येणारी फाइल तयार केली आणि कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला. "आता तू लिही. चार-पाच शब्द."

त्याने लिहिले. पडद्यावर सगळं दिसत होतं.

"सेव्ह कर."

"सेव्ह केलं," तो म्हणाला. पुष्कळ दिवसांनी म्हणाला.

"बंद कर. उघड."

पडद्यावर एक ओळ होती. बठ्ठं, बठ्ठं, बठ्ठं आणि शेवटी काळा चौकोन. तो चौकोन त्याने ओळखला. "परत," म्हणाला. परत केलं. परत तेच. मग त्याने सुनेला हाक मारली. ती ओल्या हातांनी आली.

"इथे उभी राहा. या बटणापाशी. हात लावू नको."

"काय झालं?"

"लावला नाहीस ना हात?"

"नाही, नाना."

"मग बघ." त्याने तिसऱ्यांदा केलं. ती हात पुढे धरून, बटणापासून लांब, उभी होती. फाइल गेली. मी पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी तिला. आकडा, वेस, संदेश. संपल्यावर ती म्हणाली, "म्हणजे तेव्हा मी नव्हतं घालवलं."

"नाही."

"बटणाचा संबंधच नव्हता."

"नव्हता."

मला वाटत होतं की तिला इतके दिवस संशय असणार, ती मनातून चिडलेली असणार. तिच्या रागाला द्यायची उत्तरं मी बसमध्ये तयार केली होती. ती म्हणाली, "मला वाटत होतं मीच घालवलं. ऑफिसात मी पंखा बंद करताना पण सगळ्यांना विचारते. हसतात मला."



"मला तेव्हाच का नाही सांगितलंस?" मित्राने विचारलं.

"सुबक म्हणाला होता एक जण."

"कोण?"

"परदेशातला एक."

"ओळखीचा?"

"नाही."

मित्राने मान हलवली, स्टोअरमध्ये कुणी मालाचा चुकीचा नंबर सांगितला की हलवायचा तशी. मग उठून त्याने बटणावरची पट्टी काढली. कागद निघाला, पट्टी निघाली, चिकट राहिलं. तो नखाने खरवडत बसला. ती म्हणाली, "नाना, राहू द्या, मी तेलाने काढते." तो म्हणाला, "तू नको. तेल आण." तिने आणलं. तो ते बराच वेळ पुसत होता, बटण स्वच्छ झाल्यावरही. सुनेची माफी अशी त्याने मागितली नाही. पण त्या घरात पुन्हा इस्त्रीचं वाक्य मी ऐकलं नाही. मुलगा एकदा सवयीने म्हणाला, तर मित्र म्हणाला, "आता इंजिनिअर चालू होता का, असं विचार." ते मला लागू आहे.

मी निघालो तेव्हा ती जिन्यापर्यंत आली. "काका, हे तिथेही सांगायला हवं. हॉलमध्ये. तिथे सगळे हसले होते."

हॉल पुन्हा भरवता येत नाही. म्हणून अंकात लिहितो आहे.

एडिटरचंही केलं. 'किरकोळ झाडलोट' ही ओळ मला तांत्रिकदृष्ट्या पुसता आली असती. पण एकदा लोकांपुढे गेलेलं मागे जाऊन बदलत नाहीत, हा आमच्यातला दुसरा रिवाज. जुनं खोडायचं नाही, खाली नवं जोडायचं. म्हणून खाली नवी नोंद जोडली : आधीची नोंद खोटी आहे, तो बदल झाडलोटीचा नव्हता, या दोषामुळे एका माणसाचं वर्षभराचं लिखाण गेलं आणि दोष दुसऱ्यावर आला. मदतीचं पानही परत घातलं. एडिटर आता चार किलोबाइटच्या बाहेर आहे. यादीतून मी तो काढून घेतला. त्या परदेशी माणसाने काही लिहिलेलं नाही. ते लोक जास्त बोलत नाहीत.

मित्राने शब्द पुन्हा लिहायला घेतले आहेत. मावशीला त्याने खरं कारण सांगितलं. तिला मी नापसंत आहे. तो आता माझा एडिटर वापरत नाही. मोठ्या, वजनदार प्रोग्राममध्ये लिहितो. त्या जुन्या यंत्रावर तो उघडेपर्यंत चहा होतो. "उशीर लागतो, पण सांगून थांबतो," मित्र म्हणतो. तो प्रोग्राम यंत्रावर नीट चालावा म्हणून पंधरा दिवसांनी जाऊन मीच सफाई करतो. आधीच्यापैकी थोडे शब्द परत आले आहेत. काही शब्द होते एवढंच त्याला आठवतं, शब्द आठवत नाही. तिथे तो एक ओळ रिकामी सोडतो. रिकाम्या ओळी बऱ्याच आहेत.

हा लेख छापायला देण्याआधी मी त्याच्या सुनेला वाचायला दिला. इस्त्री आता पॅसेजमधून पुन्हा आतल्या खोलीत आली आहे; ती करता करता तिने तो वाचला. एकच दुरुस्ती सांगितली. "हॉलमध्ये मी तिसऱ्या-चौथ्या रांगेत नव्हते, काका. पहिल्या रांगेत होते. तुम्ही माझ्याकडे बघितलं होतं."

वरचं वाक्य मी खोडलेलं नाही. दुरुस्ती अशी : ती पहिल्या रांगेत होती. मी बघितलं होतं. ती हसली नव्हती.